सिल्कसाँग: साडेसहा वर्षं लोक काय विचारत होते आणि खरं काय चाललं होतं

२०१९ पासून या एका गेमवरून मी घरच्यांचं, ऑफिसातल्यांचं आणि तीन व्हॉट्सॲप ग्रुपांचं इतकं डोकं खाल्लंय की गेम आल्यावर सगळ्यांनी मलाच धरलं. काय आहे हा गेम, एवढा वेळ का लागला, तो केकचा प्रकार काय होता, वगैरे. प्रत्येकाला वेगळं टाईप करून बोटं दुखली म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. गोष्टीतले मोठे धक्के फोडलेले नाहीत, बिनधास्त वाचा.

मुळात हा गेम काय आहे? मला काहीच माहीत नाही.

हॉलो नाइट नावाचा एक गेम २४ फेब्रुवारी २०१७ ला कम्प्युटरवर आला. सगळी पात्रं किडे. हातानं काढलेली चित्रं, बाजूनं दिसणारं जग, थ्रीडी-बिडी काही नाही. एक छोटासा मुका योद्धा हॉलोनेस्ट नावाच्या जमिनीखालच्या पडक्या राज्यात उतरतो आणि उतरतच जातो. या जातीच्या गेमला मेट्रॉइडव्हेनिया म्हणतात, म्हणजे नकाशा प्रचंड मोठा पण सुरुवातीला निम्म्या वाटा बंद, मग कुठंतरी डबल उडी किंवा भिंतीला चिकटायची ताकद मिळते आणि मग आठवतं की अरे त्या तिकडे एक उंच कट्टा होता, आता जाता येईल. हे आठवणं आणि परत जाणं यातच निम्मी मजा.

सिल्कसाँग हा त्याचा पुढचा भाग. इथे आपण हॉर्नेट, म्हणजे पहिल्या भागात आपल्याला दोनदा बेदम चोपणारी लाल कपड्यातली सुई-दोरावाली. तिचं ते 'शॉ!' ज्यानं ऐकलंय त्याला अजून झोपेत ऐकू येतं. तिला पकडून फार्लूम नावाच्या परक्या राज्यात आणलेलं असतं आणि तिथून सुटून तिला वर चढायचंय. पहिल्या भागात खाली उतरायचं, इथे शिखरावरच्या सिटाडेलपर्यंत, म्हणजे बालेकिल्ल्यापर्यंत, चढायचं. वाटेत सगळीकडे घंटा आणि तिकडेच निघालेले भाविक किडे. आपल्याला वारी आठवल्याशिवाय राहत नाही, फक्त इथले बरेच वारकरी वाटेतच मेलेले असतात किंवा वेडे होऊन आपल्याच अंगावर येतात.

पहिला भाग खेळल्याशिवाय कळेल का?

कळेल, गोष्ट वेगळी आहे. पण पहिला आधी खेळा. एक म्हणजे तो भारी आहे, आणि दुसरं म्हणजे सिल्कसाँग गृहीत धरून चालतो की तुमच्या बोटांना आधीची सवय आहे.

टीम चेरी म्हणजे कोण? खरंच तीन लोकांनी केलाय?

जवळजवळ. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातले लोक आहेत. आरी गिब्सन चित्रं आणि ॲनिमेशन बघतो, विल्यम पेलेन डिझाइन, आणि जॅक वाइन प्रोग्रामिंग. संगीत ख्रिस्तोफर लार्किनचं. बाहेरच्या जगाशी बोलायचं काम मॅथ्यू ग्रिफिनकडे, म्हणजे इतकी वर्षं जगभरच्या शिव्या खायचं कामही त्याच्याचकडे. याशिवाय टेस्टिंग, भाषांतर, वेगवेगळ्या कन्सोलवर, म्हणजे खास गेम खेळायच्या यंत्रांवर, गेम चढवणं यात आणखी लोक आहेत, नाही असं नाही. पण गेम बनवणारी मूळ मंडळी एका रिक्षात बसतील एवढीच.

सुरुवात कशी झाली ते मला फार आवडतं. २०१३ साली लुडम डेअर नावाच्या गेम जॅममध्ये, म्हणजे दोन-तीन दिवसांत गेम करून दाखवायची जी स्पर्धा असते तिच्यात, '१० सेकंद' हा विषय होता. यांनी हंग्री नाइट म्हणून एक छोटा गेम केला, योद्ध्यानं सतत किडे मारून खायचे नाहीतर भुकेनं मरायचं. तोच योद्धा पुढे हॉलो नाइट झाला. २०१४ च्या शेवटी किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या साइटवर लोकांकडे ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले आणि ५७,००० च्या वर मिळाले. मुंबईत पार्किंगसकट एक गाळा येणार नाही त्यात. त्या पैशातून आलेला गेम २०२५ पर्यंत दीड कोटी प्रतींवर गेला.

हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या उत्तरांचं मूळ तिथे आहे.

सिक्वेल काढायचं आधी ठरलंच नव्हतं, हे खरं का?

हो. किकस्टार्टरच्या वेळी जास्तीचे पैसे जमले तर काय काय देऊ अशी यादी होती, त्यात दुसरं खेळता येणारं पात्र होतं. ते पात्र म्हणजे हॉर्नेट. ते पहिल्या गेममध्येच जास्तीचा भाग म्हणून फुकट यायचं होतं. याआधीचे चार जास्तीचे भाग त्यांनी फुकटच दिले, हिडन ड्रीम्स, ग्रिम ट्रूप, लाइफब्लड आणि ऑगस्ट २०१८ चा गॉडमास्टर.

मग हॉर्नेटवर काम सुरू झालं आणि अडलं तिथेच. ती योद्ध्यापेक्षा उंच, चपळ, लांब उड्या मारणारी, कड्याला हातानं लटकणारी. जुन्या खोल्यांत ती मावेना. चाळीतल्या खोलीत बास्केटबॉलवाला भाड्यानं ठेवल्यासारखं झालं. मग तिच्या मापाच्या खोल्या काढा, तिच्या वेगाला पुरतील असे शत्रू काढा, मग त्या शत्रूंना राहायला गाव काढा. असं करत करत सगळं राज्यच नवीन झालं आणि त्यांनी सांगून टाकलं की हा आता जोडभाग राहिला नाही, हा वेगळा गेम आहे. किकस्टार्टरला ज्यांनी पैसे दिले होते त्यांना मात्र कबूल केल्याप्रमाणे फुकटच.

घोषणा नक्की कधी झाली?

१४ फेब्रुवारी २०१९. व्हॅलेंटाइन डे. पुढे जे झालं ते बघता एकतर्फी प्रेमाचाच दिवस म्हणायचा. ट्रेलर आला, कम्प्युटर आणि निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर येणार म्हणाले, १५० च्या वर नवीन शत्रू असणार म्हणाले. तारीख दिली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ई३ या गेमच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांना प्रत्यक्ष खेळायला डेमो ठेवला. आता तुम्हीच सांगा, हातात कंट्रोलर देऊन खेळायला देतात म्हटल्यावर माणूस काय समजेल? आम्ही समजलो दिवाळीला येतोय, फार तर पुढच्या उन्हाळ्यात.

मग मधे एवढी वर्षं काय करत होते? अडकला होता का गेम? पैसे संपले? भांडणं झाली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय, माझ्या आईनंसुद्धा विचारलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मधल्या काळात नेटवर काय काय थिअऱ्या होत्या. कंपनीत फूट पडली, कोड परत पहिल्यापासून लिहायला घेतला, कुठल्यातरी मोठ्या कंपनीनं विकत घेतलं, एक ना दोन. २१ ऑगस्ट २०२५ ला ब्लूमबर्गमध्ये जेसन श्रायर या पत्रकारानं घेतलेली गिब्सन आणि पेलेनची मुलाखत आली आणि सगळ्यांचा पोपट झाला. कारण उत्तर एवढंच होतं की आम्हाला मजा येत होती. काम कधी थांबलं नव्हतं, कुठे अडकलं नव्हतं, रोज पुढे सरकत होतं, माणसं कमी आणि गेम मोठा.

गिब्सननं त्यात सांगितलेली एक गोष्ट मला फार पटली. तो म्हणे एका टप्प्यावर त्याला वहीत स्केच काढणंच बंद करावं लागलं. कारण जे काढील ते छान दिसायचं, छान दिसलं की गेममध्ये घ्यायचं, आणि असंच चालू राहिलं असतं तर १५ वर्षं लागली असती.

आता हे ऐकायला गोड वाटतं, पण एक स्केच गेममध्ये घेणं म्हणजे काय ते बघा. समजा त्यानं कागदावर एक गलेलठ्ठ घंटाधारी किडा काढला. त्याचं चालणं, वळणं, मारायच्या आधी हात मागे नेणं, मारणं, मार खाणं, मरून पडणं, प्रत्येकाची वेगळी चित्रं, तीही हातानं. मग तो किती अंतरावरून मारतो, किती वेळ आधी इशारा देतो म्हणजे खेळणाऱ्याला चुकवता येईल पण सोपंही होणार नाही, हे पेलेननं दहा-वीस वेळा बदलून बघायचं. मग त्याचा आवाज. मग तो राहतो कुठे, त्याच्या खोलीत मागे काय दिसतं, त्याला मारून काय मिळतं, त्याच्याबद्दल गावातलं दुसरं कोणी काही बोलतं का. आणि हे सगळं झाल्यावर लक्षात येतं की याच्या शेजारच्या खोलीतला शत्रू आता याच्यापुढे फिका वाटतोय.

२०१९ ला शत्रू १५० म्हणाले होते, रिलीजच्या ट्रेलरला ते २०० च्या वर गेलेले आणि बॉस, म्हणजे मोठे तगडे शत्रू, ४० च्या वर. शिवाय गावं आली, गावातले लोक आपल्याला कामं सांगायला लागले, ज्याला गेममध्ये विशेस म्हणतात. म्हणजे ही सहा वर्षं गेम पूर्ण करण्यात कमी आणि वाढवण्यात जास्त गेली. स्वयंपाक कधीच झाला होता, पण करणाऱ्याला वाटतंय अजून एक कोशिंबीर करू, अजून थोड्या अळूवड्या तळू, आणि पंगत बाहेर ताट वाजवतीये.

नोकरीतल्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये कोणीतरी येऊन म्हणतं की बास, आता बंद करा, तिमाही संपतीये. इथे म्हणणारं कोणीच नव्हतं. गुंतवणूकदार नाही, बाहेरचा पब्लिशर नाही, आणि पहिल्या गेमचे दीड कोटी प्रतींचे पैसे बँकेत. त्यामुळे यांना घाई करायला काही कारणच नव्हतं, आणि थांबायलाही नव्हतं. मला विचाराल तर उशिराचं एवढंच कारण आहे. आमचा एक मित्र म्हणतो हे आळशीपणाचं कौतुक आहे. मी म्हणतो आळशी माणूस २०० किडे काढत नाही.

मग निदान सांगायला काय जात होतं? गप्प का बसले?

हा राग मात्र मला मान्य आहे, माझा स्वतःचा पण आहे. त्यांचं म्हणणं असं की सांगण्यासारखं एवढंच होतं की काम चालू आहे, ते दर महिन्याला सांगून लोक आणखी वैतागले असते, आणि थोडं थोडं दाखवत राहिलं तर खेळताना जे अचानक समोर यायला हवं ते आधीच फुटतं. दुसरा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. पहिला पन्नास टक्के. वर्षातून एकदा दोन ओळी, की जिवंत आहोत, चाललंय, एवढं लिहिलं असतं तर निम्म्या थिअऱ्या जन्मालाच आल्या नसत्या. डिसेंबर २०२० मध्ये एज मासिकाच्या मुखपृष्ठावर गेम झळकला, आत भरपूर माहिती होती, त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष चिडीचूप.

ते 'पुढच्या १२ महिन्यांत' काय प्रकरण होतं?

१२ जून २०२२, एक्सबॉक्स या कन्सोलवाल्यांचा मोठा कार्यक्रम. त्यात सिल्कसाँगचा नवा ट्रेलर आला, पहिल्या दिवसापासून गेम पासवर, म्हणजे त्यांच्या महिन्याच्या वर्गणीत, मिळणार असंही आलं. आणि कार्यक्रमातच सांगितलं होतं की इथे जे जे दाखवतोय ते पुढच्या १२ महिन्यांत खेळायला मिळेल. झालं, लोकांनी कॅलेंडरवर खुणा केल्या. सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशनवरही येणार हे जाहीर झालं, म्हणजे आता अगदी दारातच.

मे २०२३ मध्ये ग्रिफिननं ट्विट करून सांगितलं की पहिल्या सहामाहीत आणायचा विचार होता पण काम अजून चालू आहे, गेम बराच मोठा झालाय, तारीख जवळ आली की सांगू. बारा महिने पूर्ण व्हायला जेमतेम महिना उरलेला. मला ते ट्विट लोकलमध्ये दिसलं, ठाण्याला उतरायचं होतं आणि मी कळव्याला उतरलो, इतका सुन्न झालो होतो.

आणि केक?

हां. हे समजवायला अवघड आहे पण प्रयत्न करतो.

जानेवारी २०२५. दीड वर्षाहून जास्त काळ अधिकृत एक शब्द नाही. लोक इतके उपाशी होते की यांच्या एका संस्थापकानं ट्विटरवरचा आपला फोटो बदलून तिथे चॉकलेट केक लावला आणि काहीतरी मोठं येतंय अशा अर्थाचं गूढ वाक्य टाकलं, तेवढ्यावर हजारो लोक कामाला लागले. केकचा फोटो शोधला, तो कुठल्या रेसिपीचा आहे ते शोधलं, त्या रेसिपीच्या पानावरची तारीख शोधली, ती निघाली २ एप्रिल. आणि २ एप्रिलला निन्टेन्डोचा स्विच २ वाला मोठा कार्यक्रम होता! सीआयडीत दया दरवाजा तोडतो तेवढ्या जोशात लोक नाचले.

मग ग्रिफिननं येऊन सांगितलं की असं काही कोडं-बिडं नाहीये, पण गेम खरा आहे, काम चालू आहे आणि तो येणार आहे. म्हणजे केकनं काही झालं नाही, पण केकमुळे चिडलेल्या लोकांना गप्प करायला जे बोलावं लागलं तीच कित्येक महिन्यांतली पहिली बातमी ठरली. वर गंमत म्हणजे २ एप्रिलच्या त्या कार्यक्रमात सिल्कसाँग खरंच दिसला. काही सेकंद. खाली लिहिलेलं, २०२५.

लोक जोकरचा मेकअप करून का बसायचे?

निन्टेन्डो, एक्सबॉक्स, कुठलाही कार्यक्रम असला की आज नक्की सिल्कसाँग येणार असं म्हणायचं, येत नाही, आपण मूर्ख ठरतो, म्हणून आधीच जोकर बनून बसायचं. दर वेळी. एक जण तर यूट्यूबवर रोज व्हिडिओ टाकायचा की आज सिल्कसाँगची काही बातमी आहे का, आणि उत्तर बहुतेक दिवस तेच, नाही. मी जोकर झालो नाही पण दर कार्यक्रमाला रात्री जागलो हे कबूल करतो, आणि बायकोनं 'आला का तुझा किडा' विचारणं हे आमच्याकडे गुड मॉर्निंगसारखं झालं होतं.

शेवटी तारीख कशी कळली?

हळूहळू कळत गेली. मेलबर्नच्या एसीएमआय या संग्रहालयात १८ सप्टेंबर २०२५ पासून गेम्सचं एक प्रदर्शन होतं, तिथे सिल्कसाँग खेळायला ठेवणार असं जाहीर झालं. संग्रहालयात ठेवणार म्हणजे तोपर्यंत झालेला तरी असणार, असा हिशोब लोकांनी लावला, आणि साडेसहा वर्षांत पहिल्यांदाच आमचा हिशोब बरोबर आला. जूनमध्ये एक्सबॉक्सनं हातात धरून खेळायच्या नव्या यंत्राच्या वेळी परत नाव घेतलं. ऑगस्टमध्ये जर्मनीत कोलोनच्या गेम्सकॉम प्रदर्शनात खेळायला डेमो होता.

मग टीम चेरीनं सांगितलं, २१ ऑगस्टला खास घोषणा, आपल्याकडचे रात्रीचे आठ. मला वाटलं सहा महिन्यांनंतरची कुठलीतरी तारीख देतील. दोन-अडीच मिनिटांचा ट्रेलर, शेवटी अक्षरं आली, ४ सप्टेंबर. मी आधी वर्ष शोधत होतो. २०२६ का? मग डोक्यात शिरलं की दोन आठवडे. फक्त दोन आठवडे!

दोनच आठवडे आधी सांगणं हे बरोबर होतं का?

खेळणाऱ्यांसाठी स्वर्ग. बाकीच्या छोट्या गेमवाल्यांची मात्र पळापळ. तुम्ही वर्षभर आधी सप्टेंबरचा पहिला आठवडा ठरवून ठेवलाय, आणि अचानक कळतं की स्टीम या ऑनलाइन गेम दुकानाच्या विशलिस्टवर पहिल्या नंबरला बसलेला गेम त्याच आठवड्यात येतोय. तुमच्याकडे बघणार कोण? बेबी स्टेप्स ८ सप्टेंबरवरून २३ ला गेला, क्लोव्हरपिट ३ वरून २६ ला, डीमनस्कूल तर थेट नोव्हेंबरला. ही पण छोटी टीम, ती पण छोटी टीम, आणि यांच्या भीतीनं ते पळाले, हे थोडं विचित्र वाटलंच. महिनाभर आधी सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं, असं माझं मत.

प्री-ऑर्डर नव्हती. समीक्षकांनाही आधी कॉपी दिली नाही. सगळ्यांना एकाच वेळी.

रिलीजच्या दिवशी सगळं बंद पडलं म्हणे?

४ सप्टेंबर, गुरुवार, आपल्या घड्याळात संध्याकाळचे साडेसात. गणपतीचे दिवस. गौरी दोन दिवसांपूर्वी गेलेल्या, शनिवारी अनंत चतुर्दशी. आमच्या सोसायटीच्या मंडळात आरती बरोबर साडेसातला, आणि त्या दिवशी आरतीचं ताट आमच्या मजल्याकडे. म्हणजे एका हातात टाळ, खिशात फोन. 'घालीन लोटांगण' सुरू झालं तेव्हा फोनवरच्या गेम दुकानाचं पान अर्धं उघडलेलं, प्रसाद वाटेपर्यंत तेही पांढरं पडलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, अरे कुणी आजारी आहे का, सारखा फोन काढतोयस?

मी एकटा नव्हतो. स्टीम, निन्टेन्डो, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, सगळ्यांची ऑनलाइन दुकानं त्या संध्याकाळी कमीजास्त प्रमाणात आडवी झाली होती. एवढ्या एका वीस डॉलरच्या किड्याच्या गेमनं. पुढच्या काही दिवसांत नुसत्या स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांचा आकडा ५ लाख ८७ हजारांवर गेला. मला मिळाला रात्री साडेनऊला, ओटीपी चार वेळा येऊन गेल्यावर.

किंमत एवढी कमी कशी? मोठे गेम तर ७० डॉलरला असतात.

अमेरिकेत २० डॉलर. पहिला भाग १५ ला होता. यावर पण भांडण झालं बरं का, काही छोट्या स्टुडिओवाल्यांना वाटलं की एवढा मोठा गेम २० ला आला तर आमच्या २० वाल्याकडे लोक नाक मुरडणार. त्यांची काळजी खोटी नाही. पण यांचं गणित वेगळं आहे, थोडे लोक, भाडं कमी, वरती हिस्सा मागणारा नाही. सगळ्यांनी यांच्यासारखं करावं असं म्हणणं म्हणजे शेजारच्या टॉपरशी तुलना करणाऱ्या आईबापांसारखं होईल.

२०१९ ला दाखवलं तेच आलं का, की बदललं?

पाया तोच. मार खाल्ला की पहिल्या भागात थांबून थांबून एकेक जीव भरायचा, इथे रेशीम साठलं की एका झटक्यात तीन. खाली मारायचा वार सुरुवातीला सरळ नाही, तिरका, आणि जुन्या खेळाडूंचे पहिले दोन तास यावरच शिव्या देण्यात जातात. मग क्रेस्ट मिळतात, ते बदलले की लढायची पद्धतच बदलते, एकातून पहिल्या भागासारखा वार पण मिळतो. पैसे म्हणजे जपमाळेचे मणी. मेलात की सुटे मणी तिथेच पडतात, म्हणून माळ ओवून ठेवायची. ओवायला थोडे मणी द्यावे लागतात, दलाली समजा. काही ठिकाणी तर बसायच्या बाकाला पण पैसे! बाकावर बसलं की गेम सेव्ह होतो, म्हणजे थकलेल्या माणसाकडून वसुली.

एक पात्र मात्र सांगतोच. सुरुवातीच्याच भागात शेर्मा नावाचा एक पिटुकला भाविक भेटतो. भलामोठा दरवाजा बंद आहे आणि हा त्याच्यासमोर काहीतरी वाजवत गातोय, की गाण्यानं दार उघडेल. आपण लांबून वळसा घालून, मारामाऱ्या करून ते दार उघडतो आणि याला वाटतं आपलं गाणं पावलं. मला तो बघून हसूही आलं आणि आमच्या ग्रुपमधले सगळे चेहरेही दिसले.

खूप अवघड आहे म्हणतात. मी सोडून देऊ का?

अवघड आहे, खोटं कशाला बोलू. सुरुवातीपासूनच बरेच शत्रू एका फटक्यात दोन जीव घेतात, म्हणजे पाच जीव असून तीन फटक्यांत खेळ खल्लास. हंटर्स मार्च नावाच्या भागातल्या मुंग्यांनी मला दोन रात्री रडवलं, आणि लास्ट जज नावाच्या बॉसपर्यंतचा रस्ता बॉसपेक्षा बेकार. लोकांनी आरडाओरडा केल्यावर पहिल्याच अपडेटमध्ये सुरुवातीचे दोन बॉस, मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर, थोडे नरम केले आणि बाकाचे दर पण उतरवले. सोडू नका. अडलं की दुसऱ्या वाटेनं जा, जवळजवळ नेहमीच दुसरी वाट असते.

मराठीत आहे का? निदान हिंदीत?

नाही आणि नाही. इंग्रजी धरून दहा भाषा आहेत. आणि भाषांतर म्हणजे नुसती भर घालणं नसतं हे इथेच दिसलं. सोप्या चिनी लिपीतलं भाषांतर इतकं जड आणि जुनाट झालं होतं की चिनी खेळाडूंनी स्टीमवर नापसंतीचा पाऊस पाडला, आणि ग्रिफिनला सुधारणा करतोय असं सांगावं लागलं. तेव्हा मराठीत कधी आला तर कुणीतरी धड करा रे बाबांनो, 'रेशीमगीत' लिहून मोकळे होऊ नका.

मामा, हा आला, मग जीटीए सिक्स का येत नाहीये? *(भाचा, इयत्ता सहावी)*

ते दुकान वेगळं आहे बाळा. तिथे हजारो माणसं, शेअर बाजार, तिमाही निकाल. पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ ला, तेव्हा २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. म्हणजे घाई करायला लावणारे सगळे असूनही उशीर होतोच. फरक एवढा की ते तारखा देतात आणि बदलतात, यांनी तारीखच दिली नाही. आणि तू अठरा वर्षांचा झाल्याशिवाय तो गेम घरात येणार नाहीये, तेव्हा तुला तशीही घाई नाही.

आता पुढे काय? तिसरा भाग?

तिसऱ्याचं नाव काढू नका, माझं वय झालंय. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी सिल्कसाँगचा पहिला मोठा जोडभाग जाहीर केला, सी ऑफ सॉरो, समुद्राचा. ज्यांच्याकडे गेम आहे त्यांना फुकट. वर्ष सांगितलंय २०२६.

जोडभाग. फुकट. हेच शब्द हॉर्नेटबद्दल पण होते. बायकोला सांगितलं, तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि गॅस बंद करायला उठून गेली.